दिसण्यापलीकडची समांगता

संपादक महोदय,

समांगी आणि विषमांगी मिश्रणांतील फरक सांगताना ‘एकसारखे दिसते ते समांगी’ एवढ्यावरच अनेकदा थांबले जाते; ही कसोटी मात्र फार लवकर तोकडी पडते. मिठाच्या द्रावणातील आयन इतके सूक्ष्म असतात, की ते गाळणकागदातून सहज निघून जातात, तळाशी बसत नाहीत आणि प्रत्येक थेंबाचे संघटन सारखेच राहते. दूधही तितकेच एकजीव दिसते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली त्यात तरंगणारे स्निग्धांशाचे गोलक स्पष्ट दिसतात, म्हणून ते विषमांगी. कलिलांतील, म्हणजे अतिसूक्ष्म कण तळाशी न बसता विखुरलेले राहतात अशा मिश्रणांतील, कण साधारणतः १ ते १००० नॅनोमीटर आकाराचे असल्याने प्रकाश विखुरतात आणि झोताचा मार्ग उजळून दिसतो. यालाच टिंडॉल परिणाम म्हणतात. खऱ्या द्रावणात असे घडत नाही. धातूंमध्ये तर डोळे हमखास फसतात: सुमारे ३० टक्के जस्त असलेले पितळ सामान्यतः एकाच प्रावस्थेचे (सर्वत्र सारखे संघटन आणि गुणधर्म असलेला भाग म्हणजे प्रावस्था) असते, तर तितक्याच गुळगुळीत दिसणाऱ्या साध्या कार्बनी पोलादात फेराइट (जवळजवळ शुद्ध लोह) आणि सिमेंटाइट (लोह व कार्बनचे संयुग) अशा दोन प्रावस्था नांदतात. विज्ञानविषयक लेखन करणाऱ्यांनी, निदान मोठ्या विद्यार्थ्यांसाठी तरी, ‘प्रावस्था’ ही संकल्पना आरंभीच मांडावी, असे सुचवावेसे वाटते.

– एक वाचक