जुने गोवे बघायला येण्याआधी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

दोन दिवसांत गोव्यातली सगळी जुनी चर्चं बघून घेऊ म्हणतोस, ते आधी डोक्यातून काढून टाक. एकट्या तिसवाडी तालुक्यातली बघायची म्हटली तरी दोन दिवस पुरायचे नाहीत. शिवाय ओळीनं पाच-सहा झाली की पुढच्या चर्चमध्ये सोनेरी वेदी आणि पांढऱ्या भिंती एवढंच दिसतं, बाकी काही डोक्यात शिरत नाही. एक अख्खा दिवस जुन्या गोव्याला दे, दुसऱ्या दिवशी सकाळी तळावली आणि संध्याकाळी पणजी. एवढं नीट झालं तरी भरून पावलास.

बसमध्ये चढतानाच लोक चुकतात. जुने गोवे आणि गोवा वेल्हा ही दोन वेगळी गावं आहेत. गोवा वेल्हा पणजी-मडगाव रस्त्यावर, कदंबांच्या जुन्या बंदराच्या बाजूला. तुला जायचंय ते जुने गोवे मांडवीच्या काठी, पणजीहून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर. पणजीच्या स्टँडवरून फोंड्याकडे जाणारी बस धर आणि कंडक्टरला 'जुने गोवे' असं स्पष्ट सांग. रायबंदरवरून जाणारी मिळाली तर तीच घे. पणजी सोडल्यावर खाडीच्या पाणथळ भागातून जो लांबलचक बांध लागतो तो १६३३-३४चा आहे आणि अजून रोजच्या वापरात आहे.

दिवसाचा क्रम उन्हावर ठरव. सकाळी ऊन चढायच्या आत मोंते सांतोची टेकडी, मग से कॅथेड्रल, कारण त्याचं तोंड पूर्वेला आहे. दुपारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आणि म्युझियम, म्हणजे डोक्यावर छप्पर असेल. तीननंतर बॉम जेजूचं चर्च. त्याची दर्शनी भिंत पश्चिमेला आहे आणि उतरत्या उन्हात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तांबडा रंग उठून दिसतो. बहुतेक सहली बसमधून उतरल्या की थेट बॉम जेजूत शिरतात. त्या वेळी आत रेटारेटी आणि बाहेर दर्शनी भिंत सावलीत. वार निवडतानाही बघ. शुक्रवारी म्युझियम बंद असतं, आणि रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, असल्यानं साडेदहाच्या आधी गेलास तर नुसता ताटकळशील.

टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे. बाकीच्या इमारती बघण्याआधी हा बघायला सांगतोय, कारण इथे इमारत उघडी पडलेली आहे. वर छप्पर नाही, गिलावा नाही. भिंत किती जाड, चिरा कसा रचला, कमान कुठून फुटली, सगळं दिसतं. १६०२ मध्ये हे चर्च पुरं झालं. दर्शनी बाजूला चार मनोरे होते, त्यातल्या एकाचा काही भाग उरलाय, तोही सेहेचाळीस मीटर उंच. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघांचे मठ बंद केले आणि वास्तू बेवारस झाली. सात वर्षांत, म्हणजे १८४२ मध्ये, मुख्य कमानछत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला.

एवढी जाड भिंत अशी का पडते, ते समजलं की पुढची सगळी चर्चं वाचता येतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो. हवा लागली की कडक होतो, पण त्याची छिद्रं बुजत नाहीत. पावसाचं पाणी तो पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी. इथे चुना बहुतेक शिंपल्यांचाच. चुना ओल आत अडकवून ठेवत नाही, भिंत कोरडी व्हायला वाट देतो. सफेदी पावसानं झिजते, म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. वर्षानुवर्षं ती दिलीच नाही की गिलावा फुगतो, सुटतो, सांध्यातला चुना वाहून जातो आणि तिथे पिंपळ रुजतो. कमानछताचा भार भिंतींना बाहेरच्या बाजूला ढकलत असतो. सांधे ढिले झाले की भिंत थोडी सरकते, कमानीचा माथा उघडतो, आणि एखाद्या पावसाळ्यात सगळं खाली येतं. सिमेंटचा गिलावा लावला तर आणखी वाईट. पाणी कुठून तरी शिरतंच, मग बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं आतल्या आत चिरा भुसभुशीत होतो.

त्या अवशेषांत मध्यभागी थांबू नकोस, बाजूच्या कपेलांच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहांच्या, भिंती बघ. निळ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष इथेच पुरले होते. तिला १६२४ मध्ये इराणात शिराझला मारलं, आणि ऑगस्टिनी पाद्र्यांनी तिच्या अस्थी इथे आणल्या. २००५ मध्ये उत्खननात हाडं सापडली, पुढे डीएनए तपासणीनं दुजोरा मिळाला आणि २०२१ मध्ये भारतानं ते अवशेष जॉर्जियाला दिले. जवळच रोझरीचं छोटं चर्च आहे. बऱ्याचदा बंद असतं, पण बाहेरून तरी एक फेरी मार. त्याचे गोल बुरुजासारखे टेकू आणि त्यांभोवती कोरलेले दोरखंड बघ. जहाजांवरून आलेल्या लोकांची ही नक्षी. समोरून ते चर्चपेक्षा गढीच वाटतं.

खाली उतरून से कॅथेड्रल. १५६२ मध्ये काम सुरू झालं आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. समोर उभा राहिलास की उजव्या हाताचा मनोरा नाही, तो १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधलाच नाही. डाव्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. सोनं नाही त्यात, आवाजावरून नाव पडलंय. मुख्य वेदी संत कॅथरिनची, कारण पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं शहर पुन्हा घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१०ला, तिच्या सणाच्या दिवशी. वेदीवरच्या कोरीव चौकटींत तिच्या मरणाची गोष्ट आहे. पण मला विचारशील तर इथे जास्त वेळ द्यावा तो बाजूच्या कपेलाच्या दारातल्या कोरीव लाकडी जाळीला. वेल, पानं, मधली फुलं, सगळं आरपार कोरलेलं. एवढं बारीक काम करणारे हात स्थानिक सुतारांचेच असणार हे बघता क्षणी कळतं.

खिडक्याही बघ. काचेच्या जागी शिंपले आहेत. चपटा, अर्धपारदर्शक शिंपला तळहाताएवढा चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवतात. ऊन आत येतं ते दुधाळ होऊन, डोळ्यांवर येत नाही. बिघडतं ते बहुधा लाकूड. खाच कुजली की शिंपले एकेक करून गळतात. आता हा शिंपला वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्यामुळे पडलेल्या जागी नवा बसवणं सोपं राहिलेलं नाही. एखाद्या चर्चमध्ये अर्ध्या खिडकीत काच आणि अर्ध्या खिडकीत शिंपले दिसले तर दोन्हीकडून येणारा उजेड शेजारी शेजारी ताडून बघ.

सेच्या मागेच सेंट फ्रान्सिस आहे. सध्याचं चर्च १६६१चं, पण दरवाजा त्याआधीच्या चर्चचा ठेवलेला आहे. साध्या सपाट भिंतीत मधेच तेवढी भरगच्च कोरीव चौकट दिसते, म्हणून लगेच ओळखू येतो. आत जमिनीवर थडग्यांच्या शिळाच शिळा, घराण्यांच्या चिन्हांसकट. त्यांवरून चालावंच लागतं, तसंच करतात. लागून असलेल्या मठात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे. व्हाइसरॉयांच्या तसबिरी झरझर बघितल्यास तरी चालेल.

सेंट कॅजेटनला दहा मिनिटं पुरे. इटालियन पाद्र्यांनी रोमच्या सेंट पीटरचा नमुना समोर ठेवून बांधलेलं आहे, म्हणून इथे घुमट आहे, आणि घुमटाच्या बरोबर खाली विहीर. अंगणातली आदिलशाही वाड्याची काळी चौकट मात्र चुकवू नकोस. त्या वाड्याचं एवढंच उरलंय.

मग बॉम जेजू. १५९४ मध्ये पाया घातला, १६०५ मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. लोकांना वाटतं हे मुळापासून असंच उघड्या चिऱ्याचं होतं. तसं नाही. यालाही चुन्याचा गिलावा होता, तो १९५०च्या दशकात पुरातन दिसावं म्हणून काढून टाकला. दिसायला झकास झालं, पण तेव्हापासून पाऊस थेट चिऱ्यावर पडतोय, आणि गिलावा परत लावावा की नाही यावर अजून वाद चालू आहे. माझं मत विचारशील तर लावावा. जवळ जाऊन बघ: तांबडा चिरा खळग्याखळग्यांचा, कडा गोल झालेल्या, आणि त्याच भिंतीतला काळा दगड मात्र धारदार, नक्षी काल कोरल्यासारखी. तो काळा दगड तुमच्याकडचा आहे. वसईहून गलबतांतून आणला. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून खांब, कोरीव पट्टे आणि सगळ्यात वरची येशूच्या नावाची तीन अक्षरं काळ्या दगडात केलीत. वसईच्या किल्ल्यातल्या घंटा चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर घाटावरच्या देवळांत गेल्या, हे तुला माहीत आहेच. वसईचा दगड इकडे आला तो त्याच्या कितीतरी आधी.

आत गेल्यावर समोरच्या वेदीवर खालून वर नजर ने. खाली बाळ येशू, वर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची भलीमोठी मूर्ती, त्याची नजर वरच्या तेजोगोलाकडे, त्याच्याही वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. उजव्या हाताच्या कपेलात संत फ्रान्सिस झेवियर. त्याच्या समाधीचे दोन वेगळे भाग आहेत. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा, तिथल्या मेडिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोनं पाठवलेला, शिल्पकार फोजिनी. सुटे भाग जहाजानं आणून १६९८ मध्ये इथे जुळवले. वरची चांदीची पेटी त्याच्या साठेक वर्षं आधीची, आणि ती गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. शव बघायला मिळेल या आशेनं येऊ नकोस. पेटी उंचावर असते, खाली आणतात ती दहा वर्षांतून एकदा, आणि मागचं प्रदर्शन जानेवारी २०२५ मध्ये संपलं.

थोडं वागण्याबोलण्याचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बर्म्युडा घालून आलेल्यांना दारातून परत पाठवतात. टोपी काढायची, चपला मात्र नाही. आपल्याकडची मंडळी हटकून दारात चपला काढून मोकळी होतात. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बस, मधून फिरू नकोस. शेवटाकडे लोक रांगेनं वेदीपाशी जातात, तेव्हा प्रसाद समजून त्या रांगेत उभा राहू नकोस. तो दीक्षा घेतलेल्या कॅथॉलिकांसाठीच असतो. वेदीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढलेले कुणालाच आवडत नाहीत. स्टँड लावून फोटो काढायचे तर पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते.

दुसऱ्या दिवशी तळावलीचं सांता आना. १६९५ मध्ये पुरं झालेलं, पाच मजली दर्शनी भिंत, शिंपल्याच्या आकाराचे कोनाडे, आणि आजूबाजूला शेतं. एरवी कुलूप असतं, म्हणून सकाळच्या मिस्सेच्या वेळेलाच पोच. मिस्सा संपल्यावर दार लावणाऱ्या माणसाला विचारलंस तर तो पाच मिनिटं थांबतो. बसवर विसंबू नकोस, स्कूटर घे. जुलैअखेरीला इथे तौशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त (उत्सव) असतं, मूल व्हावं म्हणून जोडपी काकड्या वाहतात.

पणजीत मेरी इमॅक्युलेटचं चर्च, ते जिने असलेलं, तुला फोटोवरून माहीतच आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला खाली चौकात थांब. वरच्या कमानीत टांगलेली मोठी घंटा सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्यातली. मनोरा उजाड झाल्यावर ती तिथून हलवली आणि १८७१ मध्ये इथे चढवली. तिचं वजन पेलावं म्हणून दर्शनी भिंतीचा मधला भाग मुद्दाम उंच आणि भक्कम केला. टेकडीवरचा मनोरा आदल्या दिवशी बघून आलेला असशील, तर ती घंटा किती उंचावरून खाली उतरवली असेल याचा अंदाज येईल.

तारखा ठरवताना २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर सोड. संत झेवियरचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि फेस्त असतं, मंडप पडलेले, रस्ते बंद. फेस्त बघायला ये खुशाल, पण इमारती बघायला तेव्हा नाही. पावसाळ्यात आलास तरी हरकत नाही, उलट भिंत पाणी कशी पिते ते डोळ्यांदेखत कळेल. फक्त टेकडीवरच्या चिऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा रबरी तळव्याचे बूट घाल, आणि अवशेषांतल्या भिंतींवर चढू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग. तारखा नक्की झाल्या की कळव, तळावलीच्या मिस्सेची वेळ विचारून ठेवतो.

तुझा,
श्रीकांत