रविवारी मासेमारीसाठी केसांचे जिग बांधायचेत, सामान आणताना हे बघा

मंडळी, रविवारी जिग (शिशाचं डोकं असलेल्या गळाला केस बांधून केलेलं खोटं आमिष) बांधायला येताना बकरीचे लांब केस किंवा सिंथेटिक फर आणा, चितळ-सांबराचे केस कुणी देऊ केले तरी अजिबात घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते नुसते जवळ ठेवणंही गुन्हा आहे. केस घरूनच धुऊन, वाळवून, विंचरून आणा म्हणजे मुळाशी असलेली बारीक लव निघून जाते, ती राहिली की दोरा घसरतो आणि दोन-चार वेळा गळ पाण्यात फेकला की सगळं सुटतं. आणि झुपका जाड नको प्लीज! पातळ केस पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलतात, जिताडा मासा त्यालाच येतो. शिशाची जिगहेड (जिगचं जड डोकं) हाताळली की साबणाने हात धुवूनच चहा घ्यायचा, मुलांना आणणाऱ्यांनी तर नक्कीच.