गाझी दाखवण्याआधी

वेंगुर्ला,
१८ नोव्हेंबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार. गणपतीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, रागावला असशील. इकडे सगळे बरे आहेत, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो, कारण मंगेश सांगत होता की नौदल दिनाला तू शाळेत ‘द गाझी अटॅक’ दाखवणार आहेस. तेव्हापासून चैन नाही. दाखव, पण मेल्या, आधी माझी गजाल ऐक.

सिनेमात आपली एस-२१ पाणबुडी पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीला बुडवते. तसं घडलं नाही. गाझी आली होती आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या शोधात आणि विक्रांत होती अंदमानकडे. तिला विशाखापट्टणमला गुंतवायला राजपूत ही जुनी विनाशिका विक्रांत असल्याचं भासवत संदेश सोडत होती. १९७१ च्या ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास गाझी बंदराबाहेरच बुडाली. आपलं नौदल श्रेय राजपूतच्या डेप्थ चार्जना, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बना देतं, पाकिस्तान म्हणतं आतच स्फोट झाला. पोरांना दोन्ही बाजू सांग. मला तर त्या पडद्यावरच्या झुंजीपेक्षा ही हुलकावणीच जास्त थरारक वाटते.

आता आवाजाचं. हेडफोन कानाला लावून माझी किती वर्षं गेली ते तुला ठाऊक आहे, म्हणून जरा लांबण लावतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं, आणि दूरवर पोचतो. पाणबुडीत पाना लोखंडावर पडला तरी तो शत्रूच्या कानी जाऊ शकतो. म्हणून दबा धरताना गरजेपुरतीच यंत्रं चालू, बोलणं कुजबुजीत. आणि आपले दिग्दर्शक पाणबुडी दिसली की टिंग-टिंग सुरू करतात! टिंग म्हणजे आपणच आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनीची वाट बघायची. त्याला जाऊन परत यावं लागतं, शत्रूला मात्र जातानाचाच ऐकू येतो. म्हणजे आपण त्याला शोधण्याआधी तो आपल्याला शोधतो. पाणबुडी बहुतेक वेळ नुसती ऐकत असते. बंदरावरच्या ट्रॉलरवर फिश फाइंडर असतं, त्याचं उदाहरण दे. तेही आवाज सोडूनच मासे शोधतं, फक्त बांगडा उलट टॉर्पेडो मारत नाही.

डेप्थ चार्ज पाणबुडीवर आदळावाच लागतो असं पोरांना वाटेल. तसं नाही. ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबानं तो फुटतो. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे धक्का कवचावर जोरात येतो. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून खोल गेलेलं कवच आधीच ताणलेलं असतं आणि जवळचा स्फोटही पुरतो.

हे सगळं बघायचं तर १९८१ चा जर्मन ‘दास बोट’. पाणबुडीचा आतला भाग खऱ्या मापाचा बांधून हलवता येईल असा बसवला होता आणि कॅमेरामन हातातला कॅमेरा घेऊन त्या गोल दारांतून धावला होता. तू म्हणाला होतास, “तासभर नुसते वर बघत बसलेत!” अरे, वर बघण्याशिवाय त्यांच्या हाती काय होतं? वरून चार्ज येतोय, पळायला जागा नाही. हे भांडण मी अजून सोडलेलं नाही.

‘बॉर्डर’बद्दल मात्र तुझं खरं होतं. राजस्थानच्या सीमेवर लोंगेवालाच्या आपल्या सैनिकांना रात्र काढावीच लागली, कारण हंटर विमानांना रात्री हल्ला करायची सोय नव्हती. उजाडल्यावरच ती जैसलमेरहून आली. सिनेमातल्या त्या रात्रभराच्या प्रसंगाला मी नाटकी म्हटलं होतं, ते मागे घेतो.

आणि पोरांसमोर आपल्या खुकरी युद्धनौकेचं नाव घे. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोनं ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. गाझीच्या विजयाला टाळ्या वाजवणाऱ्या मुलांना हंगोरही माहीत असायला हवी. एवढं माझ्यासाठी कर.

वहिनींची बदली रत्नागिरीला झाली, बरं झालं. पिंकीच्या बारावीचं कळव. कोकमं मंगेशबरोबर पाठवतोय.

सिनेमात पहिली टिंग ऐकू आली की तो थांबव आणि पोरांना विचार, आता कुणी कुणाला ऐकलं? त्यांची उत्तरं मला लिहून पाठव.

तुझा,
बाबी