पगार द्या, टक्केवारी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सीमाभागातील एखादी सेवाभावी संस्था देणग्या मिळवण्यासाठी पगारी माणूस नेमते आहे असे कानावर आले की, ‘दान मागण्याचाही पगार घ्यायचा का?’ ही आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते. आंतरराष्ट्रीय विकासक्षेत्रातील संस्थांसाठी निधिसंकलनाचे काम मी पगार घेऊनच करतो, आणि मूळचा खानापूर तालुक्यातला असल्यामुळे गावी गेलो की हा प्रश्न मला नेमाने ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे, पण तो भलत्याच माणसाला विचारला जातो. पगारी निधिसंकलकाला नाके मुरडणारे काही विश्वस्त ‘आणाल त्यातला ठरावीक हिस्सा तुमचा’ अशा बोलीवर फिरणाऱ्या मध्यस्थाच्या हाती मात्र पावती पुस्तक बिनदिक्कत सोपवतात, कारण त्यात संस्थेच्या खिशातून आधी काही जात नाही. माझा आक्षेप या व्यवहाराला आहे.

असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स या आमच्या व्यवसायातील मोठ्या संघटनेच्या आचारसंहितेने जमलेल्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घेणे निषिद्ध ठरवले आहे. ज्याची कमाई रकमेवर अवलंबून आहे, त्याला कोणत्याही देणगीदाराला नकार देणे परवडत नाही आणि रक्कम लवकर हाती पडेल तोच मार्ग त्याला बरा वाटतो. सौंदत्ती परिसरातील देवदासी महिलांचे उदाहरण घ्या. देवदासी सोडण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा कर्नाटकाने 1982 मध्ये केला. त्यानंतर या महिलांच्या पुनर्वसनाचे चिकाटीचे काम आपल्याच बेळगाव जिल्ह्यात उभे राहिले आणि त्यात त्या महिला स्वतः अग्रभागी होत्या. बचत गट, मुलींचे शिक्षण, पेन्शनसाठीचे अर्ज, जमिनीच्या कागदपत्रांचा पाठपुरावा असे ते काम आहे. परदेशातील देणगीदारापुढे हे मांडायला वेळ लागतो आणि अभ्यासही लागतो. त्याऐवजी एका बाईचा रडवेला चेहरा आणि तिच्या आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र छापली की पैसा लवकर येतो. त्या बाईने छायाचित्राला खरोखर संमती दिली होती का, ते कुठे कुठे जाणार हे तिला तिच्या भाषेत कोणी सांगितले होते का, उद्या तिच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तेच छायाचित्र कोणाच्या मोबाइलवर निघाले तर काय, हे प्रश्न टक्केवारीवर काम करणाऱ्याने स्वतःहून विचारावेत अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. पगारी माणूस ते विचारेलच याचीही हमी नाही; निदान विचारल्याबद्दल त्याचे पोट मारले जात नाही.

परदेशातून निधी आणणे ही आजकालची टूम आहे, असेही नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने देऊन जो लोकसंग्रह केला, त्यातून 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाची असोसिएशन स्थापन झाली; तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली आणि त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली. एका समारंभापुरता पैसा आणि दहा वर्षांची बांधिलकी यांतला फरक त्यांना पुरता उमगला होता. महर्षी कर्वे 1929 मध्ये सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठासाठी जगाच्या दौऱ्यावर निघाले.

आज मात्र नुसत्या तळमळीवर हे भागत नाही. परकीय योगदान नियमन कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. परदेशी निधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घेण्याचे बंधन आले, आणि एका संस्थेने तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करण्यास मनाई झाली. यातली शेवटची तरतूद आपल्या भागाला सर्वांत जाचक ठरली. दिल्ली-बेंगळुरूच्या मोठ्या संस्थांनी परदेशी निधी मिळवायचा आणि त्यातला वाटा खानापूर, अथणी, चिक्कोडीच्या लहान संस्थांना द्यायचा, ही वाट तिने बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या आहेत. त्यात जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, त्याच वर्षी 1 जुलैपासून ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी यंत्रणाच बंद झाली, आणि ब्रिटननेही 2027 पर्यंत मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.3 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. दूरच्या देणगीदारावर विसंबलेल्यांना आता जवळचा देणगीदार शोधावा लागणार आहे.

जवळचा देणगीदारही सीमाभागात सहज सापडत नाही. कंपनी कायद्यातील सीएसआरची, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याची, तरतूद कंपनीच्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगते, त्यामुळे पुण्याची कंपनी आधी पुण्याकडे पाहते आणि बेंगळुरूची बेंगळुरूकडे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांना मुळात हे बंधन लागूच होत नाही. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली आपली माणसे द्यायला तयार असतात. पण जुन्या करप्रणालीत सवलत हवी तर साध्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे देणग्यांचे विवरण मुदतीत भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला सवलत मिळतच नाही. प्रमाणपत्र हुकले की तो देणगीदार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. प्रस्ताव लिहिणे, अंदाजपत्रक मांडणे, अहवाल वेळेवर पाठवणे, 2019 च्या महापुरानंतर चिक्कोडी-अथणीकडच्या गावांना जुन्या कपड्यांपेक्षा काय हवे होते हे दात्याला न दुखावता सांगणे, हे बारमाही काम आहे. सुट्टीच्या दिवशी वेळ देणाऱ्या कार्यकर्त्यावर ते लादणे अन्यायाचे होईल. (फलकावर नाव कोरून घेण्यासाठी खोली बांधून देणारे पुष्कळ भेटतात, त्या खोलीतल्या परिचारिकेचा पगार देणारा विरळा, त्याला राजी करणे हाच माझ्या मते या कामातला सर्वांत अवघड भाग आहे.)

लहान संस्थांना एकेकट्याने असा माणूस ठेवणे परवडणार नाही, हे मान्य आहे. म्हणून मराठी-कन्नड असा भेद न करता एकाच तालुक्यातील तीन-चार संस्थांनी मिळून, दोन्ही भाषांत व इंग्रजीत लिहू शकणारा एक निधिसंकलक निश्चित पगारावर नेमावा, त्याचा पगार परकीय निधीतून न काढता स्थानिक देणग्यांतून द्यावा आणि तो आकडा वार्षिक अहवालात उघडपणे छापावा. त्याच्या करारात टक्केवारी नसल्याचे कलम असावे, आणि छायाचित्रासाठी त्या व्यक्तीची तिच्या भाषेतील लेखी संमती घेतल्याशिवाय ते कोठेही वापरता येणार नाही, हेही त्यात नमूद असावे.

आपला,
निधिसंकलनाच्या व्यवसायातील एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव