मदरबोर्ड नव्हे, बटणसेल!

मा. संपादक,

माझा संगणक २००९ सालचा. गेल्या महिन्यापासून रोज सकाळी तो १ जानेवारी २००९ हीच तारीख दाखवू लागला. तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे (साइट खरी असल्याची खूण) अवैध ठरतात, त्यामुळे बँकेची साइटही उघडेना. दुरुस्तीवाल्याने ‘मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किटबोर्ड) गेला, नवीन घ्या’ असे सांगून टाकले. मला फार वाईट वाटले, कारण आमच्या हळदीकुंकू मंडळाचा सगळा हिशोब त्यातच आहे.

दोष निघाला तो सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या बटणसेलचा. संगणकाची वीज तुटली की बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची) सेटिंग्ज आणि घड्याळ हाच सेल जपतो. मी रात्री भिंतीवरचे बटण बंद करते. ते चालू असते तेव्हा सेलवर भार पडत नाही, म्हणून तारीख सकाळीच चुकलेली दिसे. प्लग काढून, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून हात धातूला लावून, भाच्याने सेल बदलला. खर्च चाळीस रुपये.

तरी विंडोज निळा पडदा दाखवून थांबे. सेल काढल्यामुळे बायोसमध्ये साटा मोड (हार्ड डिस्कशी जोडणीची पद्धत) ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर गेला होता, तो पूर्ववत केला, तारीख घातली आणि संगणक सुरू झाला. आता बायोसच्या प्रत्येक पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे. इंदुरातल्या दुरुस्तीवाल्यांना कळकळीची विनंती: मदरबोर्ड बाद ठरवण्याआधी सेल तपासा. आणि जुना सेल मुलांच्या हाती मुळीच लागू देऊ नका, गिळल्यास अन्ननलिका भाजते.

– एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर