आई-बाबा, अजून तीन वर्षं रांचीतच

प्रिय आई, बाबा,

हे ताई वाचून दाखवेल, बाबांनी मोबाईल डोळ्याला लावून वाचत बसायचं नाही, ऑपरेशनला महिना तरी झालाय का अजून. ताई, मधलं काही गाळू नकोस, आणि आई गप्प झाली तर आधी चहा टाक, मग पुढचं वाच.

सरळच सांगतो. जूनमध्ये मी वसईला येत नाहीये. प्रोव्हिन्शियलनी, म्हणजे आमच्या संघाच्या प्रांतप्रमुखांनी, विचारलं होतं की मुंबईकडे यायचंय की इथेच सेमिनरीत, फादर घडतात त्या शाळेत, अजून तीन वर्षं शिकवायचंय, आणि मी राहतो म्हणून सांगून टाकलं. त्यांनी जबरदस्ती नाही केली, उलट घरी विचारून घे म्हणाले. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा 'तुला पटेल ते कर' म्हणाले असते आणि आईने फोन ताईच्या हातात दिला असता, आणि मग माझ्याने इथे राहवलं नसतं. चूक माझीच आहे, रागवा हवं तर, पण रागावून गोळ्या बंद करू नका.

आता का ते सांगतो, पटलं नाही तरी ऐका. इथली मुलं गुमला, सिमडेगा, खुंटी, लातेहारकडची. कुणाच्या घरी कुडुख, कुणाच्या मुंडारी, कुणाच्या खडिया, बाजारात सादरी, शाळेत हिंदी, आणि इथे आल्यावर ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, इंग्लिशमध्ये. म्हणजे ज्या पोराने रविवारी गावात सादरीत प्रवचन देऊन म्हाताऱ्या बायांना हसवलं नि रडवलं, तोच सोमवारी माझ्या वर्गात मान खाली घालून बसतो. तत्त्वज्ञान, मग एखाद्या चर्चच्या धर्मग्रामात वर्षभर काम, मग ईशज्ञानाची चार वर्षं, फादर होईपर्यंत बारावीनंतर दहाएक वर्षं जातात, आणि त्यातली कितीतरी नुसती भाषेशी मारामारी करण्यात. मला वाटतं पुस्तकं आधी त्यांच्या भाषेत समजावली तर निम्मी भीती जाईल, म्हणून मी हिंदी आणि मोडक्यातोडक्या सादरीत शिकवायला लागलोय. सगळ्यांना ते पटतं असं नाही. पण आत्ता कुठे जम बसतोय, आता सोडून आलो तर पुढचा माणूस परत पहिल्यापासून.

गेल्या महिन्यात एक जण रात्री बॅग भरून दारात उभा. घरी जातो म्हणाला, मला नाही जमणार. बाबा, मला एकदम आपल्या सुकेळ्यांचा, वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा आठवला. मी पण शिकत असताना असंच पत्र लिहिलं होतं ना, इथे सगळे फाडफाड बोलतात आणि माझ्या तोंडातून आपली वसईची कादोडी बोलीच येते, मला घेऊन जा. तुम्ही वाडीतलं काम टाकून आलात, एक शब्द बोलला नाहीत, पुडा सोडलात आणि माझ्याबरोबर बसून खाल्लीत. आणि मला न घेताच परत गेलात! मी त्याच्याशी काय बोलणार, आईने पाठवलेल्यातली दोन शिल्लक होती ती काढली. गेला नाही तो. पुढचं माहीत नाही, कदाचित जाईलही.

आणि असं समजू नका की मी एकटाच शिकवतोय. एकाने वर्गात विचारलं की माझी आजी सरना, म्हणजे इथला आदिवासी धर्म, मानते, ती ज्या देवाला धर्मेस म्हणते तोच आपला देवबाप ना, मग तिचं तारण होईल की नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. माझ्या वह्यांत याचं उत्तर होतं, पण त्याच्या आजीला सांगता येईल असं नव्हतं. दोन दिवस झोप नव्हती.

बाबांना एक गोष्ट आवडेल. ही सेमिनरी १९१४ ची, पण त्याच्या आधी, १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा बेल्जियन फादर या भागात आला, तो आधी कोर्टकचेऱ्या शिकला, कारण लोकांच्या जमिनी जमीनदार घेत होते. ३७ व्या वर्षी टीबीने गेला. नंतर हॉफमन नावाच्या जर्मन फादरनी आदिवासींच्या जमिनी राखणाऱ्या १९०८ च्या छोटानागपूर टेनन्सी कायद्याला हातभार लावला आणि मुंडारीचा ज्ञानकोशही केला. तुम्ही सातबाऱ्यासाठी घातलेल्या फेऱ्या मी पोरांना सांगतो, त्यांना ते बायबलपेक्षा लवकर कळतं.

आई, माझी काळजी नको. थंडी आहे पण दोन ब्लँकेटं आहेत, तुझी गोधडी वर. आंघोळीला गरम पाणी मिळतं. मडुआची रोटी म्हणजे आपली नाचणीच. पावसाळ्यात सालाच्या झाडांखाली रुगडा निघतो, अळिंबीसारखा, मटणासारखी भाजी होते. मासा तेवढा तळ्यातला, नुसते काटे. ताईने दिलेले बोंबील भाजले तर शेजारचे फादर खोली सोडून पळाले. सरहुलला, इथल्या वसंताच्या सणाला, पोरं कानात सालाची फुलं खोचून मांदर नावाचा ढोल वाजवतात, तेव्हा वाटतं तुम्ही असायला हवे होतात.

आता ऐका. बाबांनी डोळ्यात थेंब घातल्याशिवाय वाडीत जायचं नाही, आणि विहिरीच्या पंपाला ओल्या हाताने हात लावायचा नाही, माणूस ठेवलाय त्याला पैसे कशाचे देतो आपण. शुगर दर महिन्याला, मला फोटो पाठवायचा. आईने सकाळच्या मिस्साला रिक्षाने जायचं, चालत नाही, गुडघा तुझा आहे, देवाने मागितलेला नाही. बोलतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, लांबून दुसरं काय करणार मी.

नाताळला जमणार नाही. मे मध्ये पंधरा दिवस येतो, मुंबईच्या हटिया गाडीचं तिकीट निघालं की लगेच कळवतो. तोवर सुकेळी पाठवा, या वेळी जरा जास्तच. आणि बाबा, पुड्याला दोरी नीट बांधा, मागच्या वेळी अर्धी गाडीतच सांडली होती.

तुमचा,
बाळू