कावीळ उतरवून घ्यायच्या आधी ती कशाची आहे ते तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर जिल्ह्यात काविळीचे पेशंट वाढल्याची बातमी होती आणि त्याच अंकात छोट्या जाहिरातींमध्ये "कावीळ खात्रीने उतरवून मिळेल, रविवार व बुधवार" अशी जाहिरात पण होती. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या गावात बरीच वर्षं लॅबमध्ये आहे, रक्त काढणं आणि रिपोर्ट देणं हेच काम, त्यामुळे पावसाळा लागला की पिवळे डोळे घेऊन येणारी माणसं मला रोज दिसतात आणि त्यातली निम्मीअधिक आधी कुठेतरी माळ घालून नाहीतर नाकात थेंब टाकून आलेली असतात.

सुरुवातीलाच सांगते की मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. आमच्याकडे बीएएमएस वैद्य पेशंट पाठवतात, ते आधी बिलिरुबिन आणि एसजीपीटी या लिव्हरच्या रक्ततपासण्या करून घेतात, रिपोर्ट बघतात मग आरोग्यवर्धिनी किंवा भुईआवळा काय द्यायचं ते ठरवतात, आणि आकडे भलतेच आले तर स्वतःच जिल्ह्याला पाठवतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही. जो माणूस न तपासता, ही कावीळ कशामुळे झाली हे न विचारता सगळ्यांना एकच उपाय करतो त्याच्याशी आहे.

कारण कावीळ हा एक आजार नाहीच, रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढलं की डोळे पिवळे होतात एवढंच ते लक्षण आहे. ते वाढायची कारणं मात्र कितीतरी. दूषित पाण्यातून आलेला हिपॅटायटिस (व्हायरसने लिव्हरला येणारी सूज) ए किंवा ई, रक्तातून आलेला बी किंवा सी, पित्ताच्या नळीत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कॅन्सर, दारूने खराब झालेलं लिव्हर, भातशेतीच्या पाण्यात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो हा जंतूंचा ताप, टीबीच्या गोळ्या. डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे दिसतात पण उपाय प्रत्येकाला वेगळा लागतो.

मग लोक म्हणतात आमच्या गावातल्या बाबांकडे सगळे बरे होतात. होतातच, ते खोटं नाही. आपल्याकडे साथीत जी कावीळ येते ती बहुतेक वेळा ए किंवा ई ची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप उतरते, शरीरच व्हायरस बाहेर काढतं. या काळात माळ घाला, उसाचा रस प्या, काहीच करू नका, शंभरातले बहुतेक बरे होणारच, आणि त्याचं श्रेय शेवटी ज्याने काहीतरी केलं त्याला मिळतं. जे बरे होत नाहीत ते बाबांकडे परत जात नाहीत, ते आयसीयूत जातात, म्हणून बाबांना ते कधी दिसतच नाहीत.

गळ्यातली माळ वाढत गेली की कावीळ उतरली असं सांगतात, ती वाढणारी माळ पण समजून घ्या. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून बांधलेले असतात, काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांब होत जाते, कावीळ नसलेल्या माणसाच्या गळ्यात किंवा नुसती खुंटीला टांगली तरी ती वाढते. बाबा पेशंटचे हात धुतात तेव्हा परातीत जे पिवळं पाणी उतरतं त्यात हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो आणि वरून चुन्याची निवळी ओततात, दोन्ही एकत्र आलं की पिवळं होतं. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते शाळाशाळांत हे करून दाखवतात. नाकात कडू दोडक्याचा किंवा देवडांगरीचा रस टाकतात तेव्हा नाकातून जे पिवळं पाणी धो धो येतं ते नाकाच्या आतली त्वचा भाजल्यासारखी झाली म्हणून येतं, बिलिरुबिन त्या वाटेने बाहेर पडत नाही. मनगटावर डाग देतात त्याबद्दल तर काय लिहू, आधीच आजारी माणसाला वरून भाजायचं आणि त्या जखमेत पू झाला तर तो वेगळा.

सगळ्यात जास्त काळजी मला ज्यांच्यासाठी थांबणं परवडत नाही त्यांची वाटते. त्यात पहिल्या गरोदर बायका. हिपॅटायटिस ई एरवी साधा असतो पण शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत बायका दगावू शकतात, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि माणसं गेली, हे आपल्या राज्यातच झालंय, फार जुनी गोष्ट नाही. तरी अजून सातव्या आठव्या महिन्यातली सून "आधी माळ घालून बघू" म्हणून घरी ठेवलेली मी बघते.

दुसरे टीबीचे पेशंट. टीबीच्या गोळ्यांमधल्या काहींनी लिव्हरला सूज येऊ शकते, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि कुठल्या परत कधी सुरू करायच्या हे ठरवावं लागतं. पेशंट मात्र सकाळी गोळ्या खातो आणि संध्याकाळी काविळीचा पाला खातो, गोळ्या बंद होत नाहीत आणि लिव्हर आणखी खराब होत जातं.

तिसरी तान्ही बाळं. नवीन बाळाला थोडी कावीळ बऱ्याचदा येते आणि जाते, पण जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसली, तळहात तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना तर घरात उन्हाला धरून भागत नाही, दवाखान्यात निळ्या लाईटखाली ठेवावं लागतं नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि बाळाची शी पांढरट असेल तर एक दिवसही घालवू नका, पित्ताची नळीच बंद असण्याची शक्यता असते आणि त्याचं ऑपरेशन बाळ साधारण दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालं तरच चांगला उपयोग होतो. हे आजी लोकांना कोणीतरी नीट समजावून सांगायला पाहिजे कारण बाळाची शी रोज त्याच बघतात.

पांढऱ्या शीवरून आठवलं. चरकसंहितेत कामला म्हणजे काविळीचे प्रकार वेगवेगळे सांगितलेत आणि पित्ताची वाट अडली असेल तर मळ तिळाच्या पिठासारखा होतो असं लिहिलंय, म्हणजे इतक्या जुन्या काळातला वैद्य सुद्धा आधी मळ बघत होता, मग उपाय ठरवत होता. आयुर्वेदाच्या नावाने माळ विकणारा लघवीचा रंग कसाय हे पण विचारत नाही. आमच्याकडे एक पन्नाशीचे शेतकरी आले होते, अंगाला भयंकर खाज, वजन उतरलेलं, शी पांढरी, महिनाभर तीन ठिकाणी उतरवून झालेलं. पित्ताची वाट अडली की रक्तात वाढणारं अल्कलाईन फॉस्फेटेज एवढं चढलेलं होतं की नळी अडलीय हे रिपोर्ट हातात आल्याबरोबर कळत होतं, सोनोग्राफीत पित्ताच्या नळीत खडा निघाला. दुर्बिणीतून खडा काढला आणि माणूस बरा झाला. तोच कॅन्सर असता तर गेलेला महिना परत आणता आला नसता.

झाडपाल्याचं म्हणजे साईड इफेक्ट नाही, हे पण डोक्यातून काढायला हवं. कोविडच्या वेळी गुळवेल घराघरात खाल्ली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची माहिती छापली, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही तो वाद आहेच. पण लिव्हर आधीच सुजलेलं असताना त्यावर अनोळखी पाल्याचा काढा ओतायचा का हा प्रश्न राहतोच. भुईआवळ्याचंही तसंच, १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांचा हिपॅटायटिस बी वरचा निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तेव्हा सगळ्यांना फार आशा वाटली होती, नंतर दुसरीकडे तपासलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे झाडपाल्याला कोणी विचारतच नाही असं नाहीये, विचारलं जातं आणि उत्तर आलं की ते मानायला पाहिजे.

आता डॉक्टरांबद्दल, कारण लोक बाबांकडे जातात त्याला हेही कारण आहे. डॉक्टर दोन मिनिटांत "काविळीवर औषध नसतं, आराम करा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. ऐकणाऱ्याला वाटतं यांच्याकडे काहीच नाही, चला जिथे आहे तिथे जाऊ. तेच जर असं सांगितलं की ही पाण्यातून आलेली कावीळ आहे, एवढ्या आठवड्यांत उतरेल, तुमचं शरीरच ती बरी करतंय, फक्त झोप जास्त येऊ लागली, बडबड सुरू झाली, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त आलं तर रात्री दोन वाजता पण या, तर माणूस घरी शांत बसेल. काही डॉक्टर काहीतरी दिलं पाहिजे म्हणून सलाईनच्या बाटल्या आणि महागडं लिव्हर टॉनिक लावतात, त्याची बहुतेकांना गरज नसते आणि बिल बघून लोक पुढच्या वेळी सरळ बाबांचाच रस्ता धरतात.

खाण्याचं पण घरोघरी चुकतं. हळद बंद, तेल बंद, मीठ बंद, नुसता उसाचा रस. हळदीने कावीळ वाढत नाही, पचेल ते साधं जेवण पोटभर द्यावं, उपाशी ठेवलं तर माणूस अजून गळतो. आणि रसवंतीतला रस ज्या बर्फात घालून देतात तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते एकदा बघा, कित्येकांना कावीळ तिथूनच मिळते आणि त्याच गाड्यावर ती बरी करायला पाठवतात.

कायद्याचं थोडंसं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे, काविळीचं नाव त्यात नाही, ते यायला पाहिजे असं मला वाटतं. औषधांच्या नियमांत शेड्युल जे म्हणून यादी आहे, त्यातले आजार आपल्या औषधाने बरे होतात असा दावा करायला मनाई आहे, त्या यादीत कावीळ आणि लिव्हरचे आजार आहेत. मग "खात्रीने उतरवून मिळेल" हे छापायचं कशाला? बातमी देणारे पण तुम्हीच आणि जाहिरात घेणारे पण तुम्हीच. ती जाहिरात बंद करा ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती, पुढचे दोन तीन महिने त्याच जागेवर एक चौकट छापा. डोळे पिवळे दिसले की सरकारी दवाखान्यात रक्त तपासा, गरोदर बाई, तान्हं बाळ, टीबीचा आणि दारूचा पेशंट यांनी त्याच दिवशी जा, शी पांढरी किंवा अंगाला खाज असेल तर सोनोग्राफी करून घ्या. हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला तर घाबरू नका, २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रावर तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात, सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांत पूर्ण जातो. आणि बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस दिली का हे डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या. मजकूर मी लिहून देते, पैसे नकोत, फक्त अक्षरं जरा मोठी ठेवा म्हणजे म्हाताऱ्या माणसांना वाचता येतील.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन
(कृपया नाव छापू नये)